फिटलेली सावड

मुलींचं वसतिगृह, पुणे
८ सप्टेंबर १९९६

ति. स्व. आईस,
अक्षदाचा सा. न. वि. वि.

हे पत्र सुदर्शन वाचून दाखवणार, म्हणून आधी दोन ओळी त्याच्यासाठी. सुद्या, आहे तेवढंच वाच. मागच्या पत्रात मी रडते असं तू आईला वाचून दाखवलंस म्हणे. मी तसं कुठंही लिहिलं नव्हतं. मग आईनं घोडेगावच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर लाडू पाठवले आणि सोबत निरोप, की पोरी रडू नको. त्यानं तो अख्ख्या शिवाजीनगर स्टँडला ऐकू जाईल असा सांगितला. चुलत भाऊ असलास म्हणून काय झालं, पोस्टाचं काम नीट करावं.

आई, मी बरी आहे. कॉलेज मोठं आहे. सगळे तास इंग्रजीत. सर फळ्याकडं तोंड करून बोलतात, त्यामुळं आमच्यापेक्षा फळ्याला जास्त कळतं. माझ्या खोलीतली मुलगी साताऱ्याची आहे, शनिवारी घरी जाते. शनिवारी सगळा मजलाच रिकामा होतो. रविवारी मी धुतलेले कपडे परत धुते. मुली विचारतात कुठली तू. घोडेगाव म्हटलं की गप्प, मंचर म्हटलं तरी गप्प, भीमाशंकर म्हटलं की अरे वा म्हणतात. म्हणून मी आता भीमाशंकरची आहे.

मेसमध्ये सगळ्या आपापल्या शाळेच्या मुलींबरोबर बसतात. माझ्या शाळेची इथं मीच. तेव्हा मी सत्काराचं भाषण आठवते. बारावीला तालुक्यात पहिली आले म्हणून मांडव घातला होता, तेव्हा ते पाहुणे म्हणाले होते की ही मुलगी कुणाच्या खांद्यावर चढून वर आलेली नाही, स्वतःच्या हुशारीवर आलीय, ही कुणाचं काही देणं लागत नाही. एवढं मनात म्हटलं की ताट घेऊन एकटं बसता येतं.

लंकाकाकू आणि साळुकाकू मांडवात मागं बसल्या होत्या आणि भाषण संपायच्या आत उठून गेल्या. राग आला होता का, विचार. गुडघ्याला तेल लाव. लोभ आहे तो तिकडंच जपून ठेव, इथं ठेवायला जागा नाही.

तुझी,
अक्षदा


मळा, घोडेगाव
२२ डिसेंबर १९९६

चि. अक्षदा हिस,
आई कुशाबाईचे अ. उ. आ.

(लिहिणार सुदर्शन. काकी बोलती तसं लिहितोय. कंसात असंल ते माझं.)

तुझं पत्र पोचलं. लंकाबाईला राग बिग काय नाय आला. त्या दिशी साळुबाईच्या भुईमुगात खुरपन व्हतं. सावडीतल्या बाया काम अर्ध्यात टाकून मांडवात आल्या व्हत्या. भाषन लांबलं. मांडवात बसून तन थोडंच थांबतंय.

सध्या कांद्याची लागन चाललीय. काल लंकाबाईच्यात झाली, आज साळुबाईच्यात, परवा आपल्यात. तुझा बाप गेल्यावर ह्या सावडीनंच आपला मळा उभा राहिला. नायतर रोजानं बाया लावायला माझ्याकडं काय व्हतं. आज मी तिच्यात राबायचं, उद्या तिनं माझ्यात. तू बारावीला व्हतीस तवा आपल्या घरचे दोन हात धरलेले, एक माझा, एक तुझा. तू पुस्तक घिऊन बसलीस. तवा लंकाबाई म्हनली का पोरीचा हात आला असं धरा. साऱ्यांनी धरला. आता ती मला चिडवती, पोरीचे दिस आमच्याकडं राहिलेत, इंजिनेर झाली का लागनीला धाडून दे.

(मी काकीला ईचारलं, हे एकदाचं फेडून का टाकत नाय. तर काकी म्हनली, सावड कधी पुरती फेडायची नसती. हंगाम सरला तरी कुनाचा तरी एक दिस कुनाकडं तरी मुद्दाम राहू द्यायचा. म्हंजी पुढच्या साली हाक मारायला तोंड राहतं. सगळं फिटलं का मानूस मोकळं झालं, आन मोकळं झालेलं मानूस कशाला येईल. मला हा हिशेब बोर्डाच्या गनितापरीस अवघड वाटला. त्या गनितात मी नापास झालोच हाय, आता ह्याच्यात बी.)

गुडघा बरा हाय. जेवत जा. मुली बोलत नसल्या तर आपन बोलावं.

(तू रडतेस असं मी वाचलं नव्हतं. दिसलं व्हतं. तुझ्या ओळी शेवटाला खाली उतरत गेलेल्या. बाकी लोभाचं काय, आमच्याकडं तेवढंच पीक बिगरपान्याचं येतं. सुदर्शन)


बंगळूर
२१ ऑक्टोबर २००१

प्रिय सुदर्शन,
स. न. वि. वि.

संपतआबांकडं फोन आलाय हे बरं झालं, पण आई फोनवर फक्त जेवलीस का विचारते आणि मी हो म्हणायच्या आत फोन ठेवते. पैसे पडतात म्हणून. त्यामुळं महत्त्वाचं असलं की मी पत्रच लिहिणार.

नोकरी चांगली आहे. तुला गंमत सांगते. आमच्याकडं दर वर्षी प्रत्येकाला नंबर देतात, एक ते पाच. एक म्हणजे उत्तम. कुणाची मुलगी, कुठलं गाव, कुठली जात, कुणीही विचारत नाही. फक्त काम बघतात. गेल्या वर्षी मला एक मिळाला. आमचे साहेब म्हणाले की इथं ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या लायकीइतकं मिळतं. मला ते फार आवडलं. सत्काराच्या मांडवातलंच वाक्य, फक्त इंग्रजीत आणि एसीत.

फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. शेजारी कोण राहतं मला माहीत नाही. लिफ्टमध्ये एक बाई रोज भेटतात, आम्ही दोघी आकड्यांकडं बघतो.

आता काम सांगते. आईचा गुडघा आता लागणीचा राहिलेला नाही. यंदापासून आपल्यात रोजानं बाया लावायच्या, पैसे मी पाठवीन. आणि दुसरं. माझ्या बारावीच्या साली सावडीतल्या बायकांनी माझे दिवस भरून काढले होते. ते माझ्या मनात कायम टोचतं. माझं जे काही आहे ते माझ्या कष्टाचं आहे, असं मला स्वच्छ म्हणता आलं पाहिजे. म्हणून ड्राफ्ट पाठवतेय. आजच्या मजुरीच्या दरानं त्या हंगामाचे जेवढे होतील त्याच्यावर थोडे जास्तच धरलेत. लंकाकाकू, साळुकाकू आणि खालच्या मळ्यातली दोन घरं, अशी चार पाकिटं कर. दिवाळीत मिठाईबरोबर दे. सांग, की अक्षदानं आठवण ठेवली आणि आता आमच्याकडं तुमचं काही राहिलं नाही.

तुझ्या जीपचं काय? घोडेगाव–डिंभे फेऱ्या चालू आहेत ना? परत बारावीला बस म्हटलं होतं, बसलास का? मनावर घेतलं तर काय अवघड आहे रे. हे ताईपणा करून सांगत नाही, तू माझ्याहून दोन महिन्यांनी मोठा आहेस. लोभ आहे म्हणून बोलते, नसता तर चांगलं बोलले असते.

तुझी बहीण,
अक्षदा


मळा, घोडेगाव
२५ नोव्हेंबर २००१

प्रिय अक्षे,
स. न. वि. वि.

हे पत्र माझं एकट्याचं हाय. काकीला ठाऊक नाय.

पाकिटं दिली. चांगली गुलाबी घेतली व्हती, वर गनपती. जीप धुऊन, इस्तरीचा शर्ट घालून चारी घरी गेलो. मला वाटलं लई मान मिळंल. खोटं कशाला बोलू, तू माझ्यावर येवढं मोठं काम टाकलं ह्याचाच मला आनंद झाला व्हता.

साळुबाईनं पाकीट उघडून मोजलं, परत मोजलं, आन म्हनली बराबर हाय. तिच्या सुनेनं दुसऱ्या दिशी मिक्सर आनला. खालच्या मळ्यातल्यांनी देव्हाऱ्यात ठिवलं. लंकाबाईनं उघडलंच नाय. भितीवरच्या घड्याळामागं सरकवलं आन मला ईचारलं, का अक्षी कायमची परदेशाला चालली का. मी म्हनलो, नाय, बंगळूरातच हाय. मग म्हनली, कुनी मरायला टेकलं का. मी म्हनलो, मावशे, दिवाळीचं काय बोलतीस. मग ती म्हनली, न्हाई, अशी आवराआवर मानूस तवाच करतं.

मिठाई मातुर सगळ्यांनी घेतली.

आता पुढचं ऐक. दिवाळी सरल्यावर एक दिवस सकाळी लंकाबाई, साळुबाई आन खालच्या दोघी आपल्या मळ्यात हजर. हाक नाय, निरोप नाय. गेल्या साली कुनाकुनाचा जो काय दिस आपल्यासाठी मागं ठिवला व्हता, तो द्यायला आल्या व्हत्या. लसनाचं खुरपन केलं. काकी खूष. आपल्या बाया बघ कशा आल्या न सांगता, म्हनून चहा ठिवला. चहा घेतला त्यांनी. पन भाकरी आपापली सोडली, काकीच्या भाजीला हात नाय लावला. उन्हं कलली तवा लंकाबाई उठली, पदर झटकला आन म्हनली, कुशे, फिटलं बरं का आपलं.

काकी हसली. संध्याकाळी चूल पेटवताना तिला समजलं. काडी हातातच विझली.

अक्षे, त्या भांडल्या असत्या तर मी भांडलो असतो. त्या भांडल्या नाय. तू पाकिटं धाडलीस तवाच मला कळायला पायजे व्हतं. काकीनं मला पाच वर्षांमागं सांगितलं व्हतं आन मी माझ्या हातानं तुला लिवलं व्हतं. पन तू इंजिनेर. मला वाटलं तुझ्या हिशेबात काय तरी पुढचं असंल.

जीप चालू हाय. बारावीला बसलो नाय. लोभ असू दे, नसला तर निदान राग असू दे, काय तरी असू दे.

सुदर्शन


मळा, घोडेगाव
६ जानेवारी २००२

चि. अक्षदा हिस,
आईचे अ. उ. आ.

तू पाठवलेल्या पैशातनं बाया लावल्या. पारगावाकडनं टेम्पोनं आल्या. लागन लवकर उरकली, रोपांच्या पाती रांगंत सरळ, बघत राहावं अशा. मला वाफ्यात उतरू दिलं नाय. आज्जे तुमी बसा म्हनल्या. मी बांधावर बसून त्यांना प्यायचं पानी दिलं. आराम झाला. गुडघ्याला बरं हाय. तू काळजी करू नको.

लंकाबाई, साळुबाई वाटंत भेटत्यात. गोड बोलत्यात. तुझं ईचारत्यात.

(हाक मारत नाय. काकी हे लिवायला सांगत नाय म्हनून मी लिवतो. लंकाबाईच्यात लागन झाली, साळुबाईच्यात झाली. दोनी दिस काकी भल्या सकाळी उठून डोक्याला फडकं बांधून वसरीवर बसली व्हती. वाटंवरनं बायांचं हसनं ऐकू येत व्हतं. त्या पुढं गेल्या. काकीनं फडकं सोडलं, घडी घातली.)

(रोजाच्या बाया त्यांच्या त्यांच्यात बोलतात. त्यांच्यातली एक वाफ्यात गानं म्हनत व्हती, काकी बांधावरनं साथ द्याया गेली तर ती बाई मालकीनबाई म्हनून गप झाली. दुपारी त्या टेम्पोच्या सावलीला जेवल्या. काकीनं भाकरी तशीच घरी आनली.)

फोन केलास तर संपतआबांच्या पोरीला उगा पळवू नको, मला यायला येळ लागतो. तुझं चांगलं चाललंय ह्यात सगळं आलं.

आई

(माझा लोभ जागच्या जागी हाय. सुदर्शन)


बंगळूर
१५ सप्टेंबर २००२

प्रिय सुदर्शन,
स. न. वि. वि.

जानेवारीच्या पत्राला उत्तर दिलं नाही. फोनवर बोललो, पण ते उत्तर नव्हे. खरं म्हणजे तेव्हा मला तुमच्या सगळ्यांचाच राग आला होता. दिले पैसे तर काय चुकलं? कुणाचं बुडवलं तर नाही. मी त्या बायकांना मनात अडाणी म्हणाले. तुलाही म्हणाले.

आता माझं ऐक आणि आईला वाचून दाखवू नको. यंदा मला चार नंबर मिळाला. काम कमी झालंय, सगळ्यांना एक देता येत नाही, कुणाला तरी खालचे द्यावेच लागतात, असं साहेब म्हणाले. मी विचारलं, माझ्या कामात काय चुकलं? ते म्हणाले, चुकलं काही नाही. मग मला बेंचवर टाकलं. बेंच म्हणजे शाळेतला बाक नव्हे. पगार चालू, पण काम नाही. रोज नऊला जायचं, खुर्चीत बसायचं, कुठल्या तरी कामात आपलं नाव येतं का याची वाट बघायची. कुणी वाईट वागत नाही. सगळे गोड बोलतात, तब्येत विचारतात. जेवायला जाताना हाक मारत नाहीत.

हे वाक्य लिहिलं आणि तुझं पत्र काढून परत वाचलं. फडकं बांधून बसलेली आई. मीही रोज सकाळी ओळखपत्र गळ्यात अडकवून बसते.

सुद्या, मला नेहमी वाटायचं की जो मागं राहतो तो आळशी असतो. तुझ्याबद्दल मला हेच वाटायचं. आपण दोघं एकाच वर्गात, एकाच बाकावर होतो. आणि परवा बसल्या बसल्या मला आठवलं की त्या साली कांद्याला पाणी द्यायला मोटर पहाटे चालू व्हायची. या वाफ्यातून त्या वाफ्यात पाणी वळवत आई एकटी दारं धरू शकत नव्हती. मी तर अंथरुणातच वाचत असायचे. दारं कोण धरत होतं, हे मी आजपर्यंत कधी विचारलं नाही. तू होतास ना?

सावडीतल्या बायकांना मी पत्र लिहू का? चूक झाली म्हणून? तू त्यांना वाचून दाखवशील? या वेळी आहे तेवढंच वाचायची गरज नाही. तुला योग्य वाटेल ते घाल.

लोभ मागायला तोंड नाही, म्हणून न मागता थांबते.

अक्षदा


मळा, घोडेगाव
१ डिसेंबर २००२

प्रिय अक्षे,
स. न. वि. वि.

आधी पान्याचं. दारं मी धरायचो. पन मी नापास झालो तो गनितामुळं, पान्यामुळं नाय. पहाटं दारं धरली नसती तरी मी काय पुस्तक धरनार नव्हतो, झोपलो असतो. उगा त्याचं मोठं करू नको. आन हात जोडून सांगतो, मला पाकीट धाडू नको.

आता तुझ्या नंबराचं. चार हा काय वाईट नंबर नाय. माझ्या जीपमधी चार नंबरच्या शिटावर मानूस डायवरच्या मांडीवर बसतं, तरी डिंभ्याला पोचतं. हसलीस का? हस. पन तुला कामात काय चुकलं नाय असं तोंडावर सांगून खाली टाकलं, हे मला लई लागलं. मला निदान गनितात सोळा मार्क व्हते. कारन तरी व्हतं.

पत्राचं म्हनशील तर लिवू नको. लंकाबाईला पत्र वाचून दाखवायचं म्हंजी चार लोकं गोळा होनार, ती पदराला तोंड लावनार, मग कुनी तरी जाऊ दे जाऊ दे म्हननार, आन ते बी फिटून जानार. हे बोलून व्हत नाय. पायांनी चालत यायचं काम हाय.

लंकाबाईच्यात पौषात लागन हाय. तिची सून बाळंतपनाला माहेरी, आळे गावाला गेलीय. एक हात कमी पडनार. तुला कुनी बोलावनार नाय, ते मनातनं काढून टाक. पन आपल्याकडं सकाळी कुनी येऊन वाफ्यात पात धरली तर तिला उठ म्हनत नसतात. तेवढंच एक दार उघडं हाय. तुला सध्या काम नाय म्हनतीस, तर रजा तरी मिळंल.

मिठाई आनू नको. चांगली साडी नेसू नको. आन पोचल्यावर काकीला कायबी समजावून सांगू नको, तिला सगळं समजतं.

गाडी पुन्यातनं सुटली का फोन कर, मंचरला जीप घिऊन उभा राहतो. भाडं घेनार. ते सोडलं तर बाकी सगळा लोभ फुकट.

सुदर्शन


मळा, घोडेगाव
१९ जानेवारी २००३

चि. अक्षदा हिस,
आईचे अ. उ. आ.

तू पोचल्याचा फोन आला. तू गेल्यावर घर लई मोठं झालंय. तुझा पंचा दोरीवर राहिला, तो मी काढला नाय.

येष्टीत बसताना तू म्हनलीस का तेवढंबी जमलं नाय आई. ते माझ्या काळजात रुतून बसलं, म्हनून लगीच हे लिवाया लावलं. तुझ्यामागं काय झालं ते ऐक.

त्या सकाळी तू कडंची पात धरलीस तवा मी बांधावर व्हते. कुनी ये म्हनलं नाय, कुनी जा म्हनलं नाय. लंकाबाईनं नुसती रोपाची पाटी पायानं तुझ्याकडं सरकवली. तुझं रोप कुठं दाट, कुठं इरळ, पात वाकडी, बैल गेल्यावानी. साळुबाई तुझ्यामागं मुकाट्यानं परत लावत व्हती. मग ती म्हनली का काम्पुटरला कंबर नसती वाटतं, तवा सगळ्या हसल्या, आन तू बी हसलीस. किती वर्षांनी बघितलं मी तुला अशी हसताना.

दुपारच्याला तुझी पाठ धरली. उठता येईना. लंकाबाईनं तुला घरी धाडलं. सुदर्शननं उचलून जीपमधी घातलं. तू डोळं मिटून घेतलं व्हतं, म्हनून तुला ठावं नाय, का मी तुझ्या पातीवर उतरले. मला कुनी आज्जे बसा म्हनलं नाय.

(काकीनं अर्धी पात पुरी केली. गुडघ्याचं नाव नाय घेतलं.)

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिशी लंकाबाई दारात आली. बसली नाय. म्हनली, अक्षीला कळीव, तिचा अर्धा दिस भरला. सुनंच्या जागी सबंध दिसाचा हात धरला व्हता, तवा अर्धा तिच्याकडं राहिला. मी म्हनलं तो मी भरला की. तर म्हनली, तो तुझा. तुझ्या नावावर येगळा. मी म्हनलं, लंके, पोर लई लांब हाय, कवा येनार, तेवढा माफ कर. त्याच्यावर ती काय बोलली ते सुदर्शननं जसंच्या तसं लिवावं.

(लिवतो. म्हनली, “माफ करायला ती काय परकी हाय? राहू दे तिच्याकडं.”)

परवा सकाळी मी शेनगोठा करत व्हते. वाटंवरनं हाक आली, कुशे, चल गं. साळुबाईच्यात खुरपन हाय म्हनून.

(काकी भाकरी न घेता पळाली. मग मी जीपनं नेऊन दिली, तर तिथं चौघींनी आधीच आपापल्या फडक्यातली अर्धी अर्धी काढून हिच्यापुढं ठिवलेली. मी नेलेली भाकरी मलाच बांधावर बसून खावी लागली. कुनी मला बस म्हनलं नाय. जीपवाल्याचं कुनाकडं काय राहत नाय, भाडं लगीच देतात. पन असू दे.)

जेवत जा. पाठीला तेल लाव. आता तुझी पाळी.

आई


बंगळूर
९ फेब्रुवारी २००३

ति. स्व. आईस,
अक्षदाचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. चार वेळा वाचलं. मग कंस सोडून वाचलं, मग नुसते कंस वाचले.

बेंचवरच्या आम्हा सगळ्यांना कंपनीनं सोडलं. घाबरू नको. दुसरीकडं मिळालंय, लहान जागा आहे, पगार कमी आहे. निवडताना त्यांनी विचारलं की तुम्ही आतापर्यंत एकटीनं, स्वतःच्या बळावर केलेली एखादी गोष्ट सांगा. पूर्वी मी अर्धा तास बोलले असते. त्या दिवशी मला एकही आठवेना. मी म्हटलं, अर्धी पात लावली, ती पण मागून दुसरीनं नीट केली. त्यांना वाटलं मी विनोद करतेय. हसले आणि घेतलं.

इथं संध्याकाळ लवकर होते. दूधवाल्याचं महिन्याला देते, घरमालकाचं पहिल्या तारखेला, ऑफिसचं रोजच्या रोज. दार लावते तेव्हा सगळं फिटलेलं असतं. लिफ्टमधल्या बाईंना परवा मी होऊन विचारलं, कुठल्या तुम्ही. त्यांचं उत्तर मला कळलं नाही, माझं त्यांना. आम्ही परत आकड्यांकडं बघितलं. पण या वेळी दोघींनी थोडं हसून.

लंकाकाकूंना सांग, अर्धा दिवस माझ्याकडं आहे, जपून ठेवलाय. येत्या लागणीला रजा मिळाली तर येईन. तो फेडायला नाही. आपल्यात लागण असेल त्या दिवशी येईन, म्हणजे त्या सगळ्यांचे हात आपल्यात पडतील आणि माझ्याकडं आणखी काही राहील. गुडघा बघून वाफ्यात उतर. पंचा दोरीवरच राहू दे.

सुद्या, तू बांधावर एकटा जेवलास ते मी वाचलं. पहाटेच्या पाण्याचं मी काही फेडणार नाही. ते तुझं माझ्याकडं राहणार आहे, कायमचं, आणि तू येऊन मागत जा. नाही आलास तर मी भांडीन. बंगळूरला यायला तुझ्या जीपला किती दिवस लागतात ते बघ, चार नंबरच्या शिटावर कुणाला घेऊ नको.

आणि हे आईला वाचून दाखवताना माझ्या ओळी शेवटाला खाली उतरलेल्या दिसतील तुला. दिसतील तसं वाच. मी रडते असं वाचलंस तरी या वेळी चालेल.

तुझी,
अक्षी